सहावं कारण: माणूस नाही

टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. पहिली काही वर्षं कागदावर गेली, उरलेली संगणकावर. विणायला मला येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं लिहिलंय ते एका विणकराबद्दल आहे, आणि त्याच्या कामाचा निकाल माझ्या टेबलावर लागला.

कारखाना आता त्या मालकांचा राहिलेला नाही. मालक वारले. आता लिहायला काय हरकत, असं कुणी म्हणेल. ते असतानाही लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.

आमची शेड सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला होती. आत गेलं की माणसाचा आवाज संपायचा. मागांचा आवाज एवढा असायचा की शेजारी उभ्या असलेल्याच्या कानाला तोंड लावूनही धड ऐकू जायचं नाही. सगळं बोलणं हातानं चालायचं. पंजा वर केला की ‘इकडे या’. दोन बोटं तोंडाशी नेली की चहा. गळ्यावरून बोट फिरवलं की माग बंद करा. मी ऑफिसातून एखादा कागद घेऊन आत गेलो की मलाही तेच करावं लागायचं, आणि मी करायला लागलो की विणकर हसायचे. मला ते नीट जमायचं नाही.

एका विणकराकडे चार माग. टॉवेलचा माग धागा तुटला की आपोआप थांबतो. विणकरानं तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायचं आणि माग परत चालू करायचा. एखादा धागा असला तर मिनिटाचं काम. पण कधी कधी एकदम पन्नास-साठ धागे जातात आणि त्यांची टोकं एकमेकांत अडकून गोळा होतो. नवा माणूस त्यापुढं रडकुंडीला येतो.

अशा वेळी शेडमध्ये कुठूनही पंजा वर झाला की अण्णा जायचे.

अण्णा पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, बापापासून विणणारे. मला दोन-तीन वर्षांनी धाकटे. तरी सगळी शेड त्यांना अण्णा म्हणायची आणि मीही म्हणायचो. ते गोळ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मान बाजूला वळवून नुसत्या बोटांनी टोकं वेगळी करायचे, आणि इतरांना जिथं पाऊण तास लागायचा तिथं दहा-बारा मिनिटांत माग सुरू व्हायचा. त्यांना कुणी हुकूम केलेला नव्हता. त्याचे वेगळे पैसेही नव्हते. पंजा दिसला की ते जायचे. तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या चार मागांपैकी एखाद्याचा धागा तुटायचा, माग थांबायचा आणि अण्णा परत येईपर्यंत तसाच उभा राहायचा.

शेडच्या दाराशी एक लांबट वही तारेनं बांधलेली होती. कुठला माग किती वाजता थांबला, का थांबला, परत कधी लागला, हे जॉबर त्यात लिहायचा. जॉबर म्हणजे मागांची देखभाल करणारा, शेडमधला मुख्य माणूस. आमचा जॉबर माळशिरसकडचा. वहीत त्याच्या मनाला येईल ते असायचं. ‘बीम संपला’, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ रिकामा झाला. ‘लाईट.’ ‘पट्टा गेला.’ एकदा ‘मांजर’ एवढंच लिहिलं होतं. आणि कितीतरी ठिकाणी ‘दु. मा.’ म्हणजे दुसऱ्याच्या मागावर. विणकर स्वतःचा माग सोडून दुसऱ्याच्या मागावर मदतीला गेलाय, म्हणून याचा थांबलाय. अण्णांच्या चार मागांसमोर ही दोन अक्षरं रोजच असायची.

मग संगणक आला. मी सात रस्त्याजवळच्या एका क्लासमध्ये संध्याकाळचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. ऑफिसात दुसऱ्या कुणी तोही केलेला नसल्यामुळं कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी. पुण्याहून एक सल्लागार आले होते. त्यांनी सांगितलं की वहीतलं सगळं शेडमधल्या संगणकावर भरायचं, पण कारणं शब्दांत लिहायची नाहीत, क्रमांकानं टाकायची. यादी एका पडद्यावर मावली पाहिजे, नाहीतर भरणारा माणूस कंटाळून काहीही टाकेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

मी तीन महिन्यांची वही घेऊन बसलो आणि एकोणीस कारणं काढली. पडद्यावर मावत होती सात. मग कापत गेलो. बीम संपला, धागा तुटला, सूत नाही, दुरुस्ती, लाईट नाही, माणूस नाही, इतर. ‘दु. मा.’ कुठं घालायचं म्हणून थोडा वेळ थांबलो होतो, ते मला आठवतं. शेवटी ते सहाव्यात घातलं. विणकर मागापाशी असेल आणि धागा तुटला तर क्रमांक दोन. विणकरच मागापाशी नसेल तर क्रमांक सहा, माणूस नाही. तो कुठं का असेना.

ही चूक होती असं मी आजही म्हणत नाही. शेडमधल्या संगणकाचं काम एवढंच होतं की माग थांबला तर कुणाला पाठवायचं ते कळावं. बीम संपला तर बीम चढवणारे. लाईट गेली तर वायरमन. माणूस नाही, तर कुणालाच पाठवायचं नाही, माणूस येईल तेव्हा येईल. त्या हिशेबानं अण्णा दुसऱ्याच्या मागावर असोत की संडासात, फरक काहीच पडत नव्हता. रोजचं काम चालवायला ती यादी पुरेशी होती. तिच्यावर काम चाललंही, आणि चांगलं चाललं.

सातवं कारण ‘इतर’ होतं, ते वापरता आलं असतं. पण ‘इतर’ टाकलं की खुलासा लिहिल्याशिवाय पडदा पुढं सरकायचा नाही. कुणी आळसानं सगळंच ‘इतर’ टाकू नये म्हणून ती अट मीच घातली होती. त्यामुळं ते कुणी टाकायचंच नाही.

दुसरा भाग ऑफिसातला. शेडमध्ये भरलेलं सगळं माझ्याकडे यायचं आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्यातून मालकांसाठी एक कागद काढायचो. त्यावर रंगीत खांब असायचे. मालक चष्मा कपाळावर सारून तो डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, “आता बघा. पूर्वी जॉबर सांगेल ते खरं मानावं लागायचं. आता मला इथं बसून शेड दिसते.” मला बरं वाटायचं. शेड त्यांना दिसत नव्हती. मागापाशी कोण नव्हतं एवढं दिसत होतं, तो कुठं होता ते दिसत नव्हतं. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहायला सोपं जाईल. थोडंफार आलं होतं.

तीनेक वर्षं अशी गेली. मग परदेशातल्या ऑर्डरी कमी झाल्या आणि मागांची एक अख्खी ओळ बंद करायचं ठरलं. म्हणजे बारा विणकर कमी करायचे.

मालकांनी मला बोलावलं. ते वाईट मनाचे नव्हते, हे मला लिहायलाच हवं. ते म्हणाले, “मला तोंडं बघून नावं काढायची नाहीत. हा कुणाचा मेहुणा, तो कुणाच्या गावचा, तसलं काही नको. जॉबरलाही विचारणार नाही, तो त्याची माणसं वाचवील. तुम्ही आकड्यावर यादी करा. स्वतःच्या चुकीनं माग कोण थांबवतो, ते काढा.”

स्वतःच्या चुकीनं म्हणजे यादीतलं कुठलं कारण, हे ठरवायचं माझ्यावर आलं. बीम, लाईट, सूत, दुरुस्ती यांत विणकराचा दोष नाही. धागा तुटणं सुतावर असतं. उरलं सहावं. मी सहाव्या कारणाची मिनिटं विणकरामागं काढली आणि जास्तीकडून कमीकडे लावली.

सगळ्यात वर अण्णांचं नाव आलं. दुसऱ्या नंबरच्या विणकराच्या जवळजवळ दुप्पट.

मी कागद आणखी दोनदा काढला. पुन्हा तेच. सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यात उत्तम, जो विणकर आला तो कुणाचा पंजा वर झाला की पाठ फिरवून उभा राहायचा. त्याला सगळी शेड ओळखून होती. मीही ओळखत होतो.

मालकांनी कागद बघितला. चष्मा खाली आणून परत बघितला. “हा? हा तर वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस.” मग त्यांनी विचारलं, “आकडा बरोबर आहे ना?”

मी म्हणालो, “बरोबर आहे. तीनदा काढला.”

यात खोटं काही नव्हतं. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. या आकड्याचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक वाक्य पुरलं असतं: सहाव्यात दोन गोष्टी आहेत. पण त्याच्या मागच्या महिन्यात माझ्या कागदात सुताची एक बेरीज चुकली होती आणि सगळ्या ऑफिससमोर मालक म्हणाले होते, “तुमच्यापेक्षा ती वही बरी होती.” सहावं कारण कच्चं आहे म्हटलं असतं तर तीन वर्षांचे सगळे कागद कच्चे ठरले असते, आणि ते काढणारा मीही. ऑफिसातूनही माणसं कमी होणार अशी कुजबुज होती. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. ही कारणं मी लपवत नाही आणि पुढंही करत नाही. होती ती लिहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जॉबर ऑफिसात आला. हातात तंबाखू मळत होता, ती मळायची राहून गेली.

“सायेब, अण्णाचं नाव कसं काय आलं यादीत?”

“आकड्यावर आलंय.”

“आकड्याला डोळं हायत का? अर्ध्या शेडला गाठी मारायला त्यानं शिकवलंय.”

“मी काय करू? कोड तुमच्या माणसांनीच टाकलेत. सहा, सहा, सहा.”

“मग काय टाकायचं हुतं? तुमच्या यादीत दुसरं हुतं का काय?” त्याचा आवाज चढला. “सातच कारणं म्हणं. आमची सासू एका सकाळी सात कारणं सांगती की!”

टायपिस्ट हसली. मीही हसलो. तो हसला नाही.

“मालकास्नी सांगा तुमी,” तो म्हणाला. “माझं ऐकायचं न्हाईत. मी माणसं वाचवतो म्हणत्यात. तुमचं ऐकतील. तुमच्याकडं कागद हाय.”

“बघतो,” मी म्हणालो.

तो गेला. मी डबा उघडला आणि जेवलो. काय भाजी होती तेही आठवतं, गवार होती.

महिन्याच्या शेवटी बारा जण एकेक करून ऑफिसच्या खिडकीशी आले. कात्री आणि ओवायची सळई जमा करायची आणि कागदावर सही करायची. अण्णा चौथे की पाचवे होते. त्यांनी कात्री फडक्यानं पुसून खिडकीत ठेवली. कागदावर कमी करण्याचं कारण छापलेलं होतं: मागावरील अनुपस्थिती. अण्णांना मराठी सावकाश वाचता यायचं. त्यांनी बोट ठेवून ते वाचलं.

“उठत हुतो, खरं हाय,” ते म्हणाले. मला नव्हे, कागदालाच म्हणाल्यासारखं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “लई हाय काय हो?”

“बाकीच्यांपेक्षा जास्त आहे.”

“कॉम्प्युटरमदी हाय म्हंजी आसंल की.”

त्यांनी तेलुगूत सही केली. मी तारीख टाकली. पुढचा आला.

एवढंच झालं. मला कुणी काही म्हणालं नाही. मी आणखी बरीच वर्षं नोकरी केली, सहावं कारण तसंच राहिलं. मोठ्या गोळ्याचा माग आता तास-तासभर उभा राहायचा, कारण पंजा वर झाला तरी कुणी जायचं नाही. ते ‘धागा तुटला’ याखाली दिसायचं. मालकांनी दोनदा सूत पुरवणारा बदलला. तेव्हाही मी काही बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर मी हे विसरलो, असं नाही. रोज आठवायचं असंही नाही. आठवलं तरी फार काही वाटायचं नाही, आणि त्याचंच कधी कधी नवल वाटायचं.

मग गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. कारखाना ज्यांनी घेतला त्यांच्यासाठी ती नवी प्रणाली बसवत होती. जुन्या सगळ्या नोंदी त्यात घालायच्या होत्या. कुठल्या विणकराला कुठला माग द्यावा, कुणाला ठेवावं, हे ती प्रणाली सुचवणार होती. जुन्या फायलीत माझं नाव सापडलं म्हणे.

“काका, सॉरी, दुपारी झोपला होता का?”

“नाही.”

“एक छोटी शंका होती. कोड सहा. माणूस नाही. म्हणजे गैरहजेरीच ना?”

“नाही,” मी म्हणालो.

पलीकडे कळफलकाचा आवाज येत होता तो थांबला. “मग?”

मी तिला सांगितलं. वहीचं, पंज्याचं, एकोणिसाची सात केली त्याचं. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे काका, काम टाळणारा आणि दुसऱ्याला मदत करणारा, दोघांनाही सहाच?”

“हो.”

“मग आता वेगळे कसे करायचे? ती वही आहे?”

“रद्दीत गेली.”

“मग नाहीच करता येणार.” कळफलक पुन्हा वाजला. “ठीक आहे, मी तो कॉलमच घेत नाही. थँक्यू हं काका, तुम्ही सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर सगळं चुकलं असतं.”

फोनवर आमचं बोलणं सात-आठ मिनिटं झालं. तिनं एवढ्यात कॉलम काढून टाकलासुद्धा असेल. मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. रडू वगैरे आलं नाही.

अण्णा कुठं असतात ते जॉबरला विचारलं. तो आता मुलाकडे जुळे सोलापुरात राहतो, पाठीत वाकलाय. फोनवर त्यानं पत्ता सांगितला आणि म्हणाला, “आत्ता कसं काय आठवलं?” मी सांगितलं. तो म्हणाला, “तुमाला म्हाईत न्हाई. हितनं गेल्यावर त्यो एका पॉवरलूमवर लागला. तितं म्हाताऱ्याला सगळी घुम्या म्हणायची. कुणाचा माग अडला, पोरं हाका मारून दमली, तरी जाग्यावरनं हलायचा न्हाई. मी एकदा इचारलं, का रं बाबा? म्हणला, मला उठायची खोड हाय, कॉम्प्युटरमदी निगाली. आता उठायचं न्हाई.”

मी एका रविवारी सकाळी गेलो. एका खोलीचं घर, पुढं ओटा. ओट्यावर अण्णांची बायको आणि शेजारच्या तिघीजणी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. अण्णा आत खाटेवर बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी म्हणालो, “अण्णा, मी कारखान्यातला. ऑफिसातला.” ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बायकोनं बाहेरूनच सांगितलं, “मोठ्यानं बोला. कान ग्येले त्यांचे. मागानं खाल्ले.”

घरून निघताना मी काय बोलायचं ते जुळवून आलो होतो. हळू आवाजात बोलायचं म्हणून जुळवलं होतं. ते आता ओरडून बोलायचं होतं.

“अण्णा, तुमचा आकडा चुकीचा होता!”

“काय?”

“आकडा! चुकीचा होता!”

ओट्यावरच्या विड्या थांबल्या. एकीनं मान आत घातली. अण्णांची बायको सूप बाजूला ठेवून आत आली, खाटेवर त्यांच्याशेजारी बसली आणि मला म्हणाली, “तुमी मला सांगा. मी सांगते.” मग मी सांगायचो आणि ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत मोठ्यानं सांगायची. दुसऱ्याच्या मागावर गेलेलं आणि कामावर नसलेलं मी एकाच ठिकाणी लिहायला लावलं. मालकांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. मला माहीत होतं. प्रत्येक वाक्य आधी माझ्या तोंडून मराठीत, मग तिच्या तोंडून तेलुगूत, आणि ओट्यावरच्या बायका दोन्ही ऐकत होत्या. ‘मला माहीत होतं’ हे सांगताना ती मध्येच थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मग तेही सांगितलं.

अण्णांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती.

ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, “म्हंजी हे लोकांची कामं करायला उठत हुते, आनि आम्ही म्हणत हुतो माणूस कामचुकार. पोरीच्या सोयरिकीत बी त्यो विषय निगाला हुता की गं.”

“गप बस,” अण्णांची बायको म्हणाली.

मी खिशातून कागद काढला. घरून लिहून आणला होता. अमुक विणकर मागावर नव्हते तो सर्व वेळ इतरांच्या मागांवर मदतीला होते, नोंदीतील दोष माझा, शिक्षा त्यांना झाली, सर्वस्वी जबाबदार मी. खाली माझी सही. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायकोनं तेलुगूत सांगितला.

अण्णांनी मान हलवली. “हे खोटं हाय.”

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

“सर्व वेळ न्हाई,” ते म्हणाले. बहिरा माणूस बोलतो तसे एकसुरी, मोठ्यानं. “कान दुकायचा माझा. आत कोणतरी टाचणी घालतंय आसं. मग मी मागच्या दारात जाऊन हुबा ऱ्हायचो. काई न्हाई, नुसतं हुबा. कुणाला सांगितलं न्हाई, कान ग्येला म्हटल्यावर काडून टाकतील. तेबी सहाच आसंल न्हवं?”

“हो,” मी म्हणालो, आणि बायकोनं सांगायची गरज पडली नाही. ओठ बघून त्यांना कळलं.

“मग तेबी लिवा.”

त्यांच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. ती तेलुगूत त्यांना काहीतरी बोलली, रागानं.

मी विचारलं, “अंदाजे किती वेळ असेल? अर्धा? की थोडाच?” तिनं विचारलं. अण्णांनी बोटांवर काही मोजायला सुरुवात केली. कुठल्या पाळीला कोण शेजारी होतं, दुपारी दुखायचा की सकाळी, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटत होते. दोनदा मोजलं. मग हात खाली ठेवला.

“सांगता येत न्हाई आता. जास्त दुसऱ्याच्या मागावर. येवडं खरं.”

मी दुसरा कागद घेतला आणि त्यांच्यासमोर खाटेच्या कडेवर टेकवून लिहिला. ‘सर्वस्वी जबाबदार मी’ हे परत लिहायला लागलो तर त्यांनी बोट ठेवलं. “हे मागाबद्दल न्हाई. तुमचं तुमच्याकडं ठेवा.” मी ते लिहिलं नाही. मग कागद एवढाच राहिला: हे विणकर आपल्या मागावरून उठत होते. बहुतेक वेळा दुसऱ्याचा माग चालू करायला. काही वेळा कान दुखतो म्हणून मागच्या दारात. कारखान्याच्या नोंदीत दोन्हींना एकच कारण लिहिलं आहे, त्यामुळं नोंदीवरून त्यांना कामचुकार म्हणता येत नाही.

‘काही वेळा’च्या पुढं मी आकड्यासाठी थोडी जागा मोकळी सोडली होती. सवयीनं सुटली. अण्णांनी ती बघितली आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तिथं आडवी रेघ मारली. मागाहून कुणी काही भरू नये म्हणून. मग खाली तेलुगूत सही केली. मी माझी केली.

बायको कागद घेऊन ओट्यावर गेली आणि त्या म्हातारीला वाचून दाखवू लागली.